बशीतल्या चेतापेशी आणि आपण : प्रस्तावना

कापसावर फवारणी करून संध्याकाळी घरी आलेल्या माणसाला उलट्या सुरू होतात, तोंडाला फेस येतो, डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक होतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या पोराला मण्यार चावते. सूज नाही, फारशा वेदनाही नाहीत, पण पहाटे त्याच्या पापण्या उघडत नाहीत. उसाच्या ट्रॉलीवरून पडलेल्या बाईला कमरेखाली काहीच जाणवेनासे होते. साठीतल्या आजोबांना लकवा मारतो, उजवा हात लुळा पडतो आणि वाचा जाते. बीड जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात काम केलेल्या कुणालाही हे चार रुग्ण ओळखीचे वाटतील.

चौघांचाही घाव चेतासंस्थेवर आहे. तरी पहिल्या दोघांत आणि नंतरच्या दोघांत मोठा फरक आहे. कीटकनाशकाने किंवा मण्यारीच्या विषाने चेतातंतू आणि स्नायू यांच्यातला निरोप अडतो. चेतापेशी मात्र जिवंत असते. श्वास यंत्रावर चालू ठेवला, ॲट्रोपिन किंवा सर्पविषावरची लस वेळेत मिळाली, तर असा रुग्ण काही दिवसांत आपल्या पायांनी घरी जाऊ शकतो. मणका मोडलेल्या बाईचे आणि लकवा मारलेल्या आजोबांचे तसे नाही. तिथे चेतापेशी किंवा त्यांचे लांब तंतू कायमचे गेलेले असतात. पहिल्या दोघांसाठी हवे ते विषाचे आणि औषधाचे अचूक ज्ञान. दुसऱ्या दोघांसाठी हवी गेलेल्या पेशींची भरपाई.

प्रौढ माणसाच्या शरीरातून पेशी घ्यायच्या आणि त्यांच्यापासून काचेच्या बशीत चेतापेशी घडवायच्या, हे शास्त्र या दोन्ही गरजांना उत्तर देऊ पाहते. घडवलेल्या पेशींवर औषधे आणि विषे तपासता येतील, आणि त्याच पेशी रुग्णाच्या शरीरात पेरून इलाज करता येईल, अशी त्याची दोन वचने आहेत. वर्तमानपत्रांत आणि जाहिरातींत ती एका दमात सांगितली जातात. प्रत्यक्षात दोन्ही सारखी पुढे गेलेली नाहीत. तपासणीच्या कामाला या पेशी आज लागलेल्या आहेत. इलाज म्हणून त्या अजून मोजक्या आजारांत, मोजक्या रुग्णांवर पारखल्या जात आहेत. हे अंतर वाचकाला नीट दिसावे, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे. ते न दिसल्यामुळे घराघरांत काय होते, याकडे शेवटी येईनच.

*

चेतापेशी पुन्हा येत नाही, ही समजूत शास्त्रानेच रुजवली. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूतल्या पेशीन् पेशीचे चित्र काढले, १९०६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, आणि प्रौढ मेंदूत नवे काही उगवत नाही हा त्यांचा निष्कर्ष पुढे अर्धे शतक प्रमाण मानला गेला. १९६०च्या दशकात अमेरिकेत जोसेफ आल्टमन यांनी प्रौढ उंदरांच्या मेंदूत नव्या पेशी तयार होताना दाखवल्या. त्यांच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. १९८०च्या दशकात फर्नांदो नॉटेबोम यांनी कॅनरी पक्ष्यांच्या मेंदूत, गाणे शिकण्याच्या भागात, नव्या चेतापेशी येतात हे दाखवले. १९९२ मध्ये कॅनडातल्या रेनॉल्ड्स आणि वाइस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतून मूलपेशी, म्हणजे नव्या पेशींना जन्म देणाऱ्या पेशी, वेगळ्या काढून बशीत वाढवल्या. १९९८ मध्ये पीटर एरिक्सन आणि फ्रेड गेज यांनी माणसाची पाळी आणली. कर्करोगाच्या काही रुग्णांना उपचारादरम्यान नव्या पेशींवर खूण करणारे द्रव्य दिलेले होते. मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित भागात खूण असलेल्या चेतापेशी सापडल्या.

वाद तिथे संपला नाही. २०१३ मध्ये स्टॉकहोमच्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने एक वेगळीच युक्ती वापरली. शीतयुद्धाच्या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला होता आणि तो अन्नातून सगळ्यांच्या पेशींत उतरला होता. त्याच्या प्रमाणावरून पेशीची जन्मतारीख काढता येते. त्या हिशेबाने हिप्पोकॅम्पसमध्ये, मेंदूच्या प्रत्येक बाजूला, रोज सुमारे ७०० नव्या चेतापेशींची भर पडते. २०१८ मध्ये दोन नामांकित गटांनी काही आठवड्यांच्या अंतराने नेमके उलटसुलट निष्कर्ष छापले: एकाला प्रौढांत नव्या चेतापेशी सापडल्याच नाहीत, दुसऱ्याला म्हाताऱ्यांतही सापडल्या. २०२५ मध्ये फ्रिसेन यांच्याच गटाने प्रौढ माणसांच्या मेंदूत नव्या चेतापेशींना जन्म देणाऱ्या पेशी ओळखून दाखवल्या. आज एवढे खात्रीने म्हणता येते की असे नवे उगवणे झालेच तर मेंदूच्या छोट्याशा कोपऱ्यात होते. लकव्याने मेलेला भाग त्याने भरून निघत नाही. म्हणून बाहेर पेशी घडवण्याची धडपड.

*

मूलपेशी समजायला बीडच्या वाचकाला ऊस पुरेसा आहे. बेण्याच्या प्रत्येक कांडीला डोळा असतो. तो महिनोन् महिने निजून राहतो आणि माती, ओल मिळाली की फुटतो. प्रौढ शरीरातही असे डोळे जागोजागी आहेत: हाडांच्या मगजात, कातडीत, आतड्याच्या अस्तरात, नाकाच्या वरच्या भागात. पण उसाच्या डोळ्यातून ऊसच येतो, ज्वारी येत नाही. प्रौढ मूलपेशीही आपल्या घराण्याला धरून असते. अस्थिमज्जेतली रक्तमूलपेशी रक्ताच्या पेशी देते. टोरांटोच्या टिल आणि मॅकलॉक यांनी १९६१ मध्ये ती सिद्ध केली, आणि तिच्यावर उभा असलेला इलाज, म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण, भारतात पहिल्यांदा १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाला. मूलपेशींचा सिद्ध झालेला इलाज म्हणून बोट दाखवायचे तर आजही पहिले ते तिथेच जाते.

अस्थिमज्जेत आणखी एका जातीच्या मूलपेशी असतात. त्यांच्यापासून हाड, कूर्चा आणि चरबी तयार होते. त्या काढायला सोप्या, बशीत भराभर वाढतात, रुग्णाच्या स्वतःच्या असतात. त्यांच्यापासून चेतापेशी करता आली तर गर्भाच्या पेशींचा नैतिक प्रश्नही उरत नाही. २००० मध्ये न्यू जर्सीतल्या आयरा ब्लॅक यांच्या गटाने नेमके तेच जाहीर केले. काही रसायने घातली आणि अवघ्या काही तासांत उंदराच्या व माणसाच्या मज्जेतल्या चपट्या पेशी आकसल्या, त्यांना लांब शेपट्या फुटल्या, चेतापेशींत आढळणारी प्रथिनेही दिसू लागली. जगभर प्रयोगशाळांनी ही कृती उचलली. ऊस लावून ज्वारी काढल्यासारखेच ते होते.

२००४ मध्ये या कृतीची दोन ठिकाणी कसून तपासणी झाली. कॅलिफोर्नियातल्या मार्क टुझिन्स्की यांच्या गटाने पेशींचे सलग चित्रीकरण केले. नवी शेपटी फुटत नव्हतीच. रसायनाच्या माऱ्याने पेशीचे अंग आकसत होते आणि मागे चिकटून राहिलेले धागे शेपटीसारखे दिसत होते. साधे खारट पाणी जास्त घातले तरी पेशींचे असेच रूप होई. दुसऱ्या गटाने पेशीचा आतला सांगाडाच कोसळत असल्याचे दाखवले. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट पुढे आली: शरीरात सोडलेल्या मज्जापेशी कधी कधी तिथल्या चेतापेशींशी एकजीव होतात आणि पाहणाऱ्याला वाटते, नवी चेतापेशी जन्मली.

या प्रकरणाला पुस्तकात मी बरीच जागा दिली आहे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. आकार दिसणे पुरेसे नाही, एकदोन प्रथिने सापडणेही पुरेसे नाही. चेतापेशी तीच जी विजेची लहर उठवते आणि शेजारच्या पेशीशी सांधा जोडून निरोप पोचवते. ती लहर मोजण्याची पद्धत एर्विन नेहर आणि बेर्ट झाकमन यांनी दिली, त्याबद्दल त्यांना १९९१ चे नोबेल मिळाले. काचेची केसाहून बारीक नळी पेशीच्या आवरणाला चिकटवायची आणि तिचा विद्युतदाब पाहायचा. स्वस्थ चेतापेशी आत-बाहेर सुमारे सत्तर मिलिव्होल्टचा फरक राखते आणि उत्तेजित झाली की एक-दोन मिलिसेकंदांत तो उलटा करते. हे ज्या पेशीला जमत नाही, तिला चेतापेशी म्हणू नये.

*

ही परीक्षा ध्यानात ठेवून आजचे मार्ग पाहिले की चित्र स्पष्ट होते. पहिला मार्ग नाकातून जातो. वास घेणाऱ्या चेतापेशी माणसाच्या आयुष्यभर झडतात आणि नव्या येतात, म्हणजे तिथली मूलपेशी चेतापेशीच्याच घराण्यातली आहे. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या ॲलन मॅकी-सिम यांनी रुग्णांच्या नाकातून चिमूटभर अस्तर काढून या पेशी वाढवल्या आणि कंपवात, स्किझोफ्रेनिया, पाय आखडत नेणारा एक आनुवंशिक आजार यांत पेशीपातळीवर काय बिघडते ते तपासले. त्या आनुवंशिक आजारात पेशीच्या आतली वाहतूक रखडलेली दिसली आणि काही औषधांच्या अगदी कमी मात्रेने ती सुधारली. प्रौढ मूलपेशीचा औषध-तपासणीसाठी इतका सरळ उपयोग क्वचितच पाहायला मिळतो.

दुसरा मार्ग क्योटोच्या शिन्या यामानाका यांचा. २००६ मध्ये त्यांनी उंदराच्या साध्या पेशीत चार जनुके घालून तिला गर्भावस्थेतल्या मूलपेशीसारखे केले. २००७ मध्ये माणसाच्या कातडीच्या पेशीवर तेच साधले. २०१२ चे नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळाले. गर्डन यांनी १९६२ मध्येच बेडकावरच्या प्रयोगांतून पेशीचे घड्याळ मागे फिरवता येते हे दाखवले होते. आता दंडातून काढलेल्या थोड्याशा रक्तापासून अशा पेशी बनतात आणि काही आठवड्यांत त्यांच्यापासून हव्या त्या प्रकारच्या चेतापेशी घडवता येतात. त्या विजेची परीक्षा पास होतात.

तिसरा मार्ग २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या मारियस वर्निग यांच्या गटाने खुला केला: उंदराच्या कातडीच्या पेशीत तीन जनुके घालून तिला मधला टप्पा न घेता थेट चेतापेशी करायचे. वरकरणी हा नुसता आडवाटेचा फायदा वाटेल, पण त्यात एक खोल मुद्दा आहे. यामानाकांच्या पद्धतीत पेशीचे वय पुसले जाते. सत्तरीच्या आजोबांपासून घडवलेली चेतापेशी बाळाच्या चेतापेशीसारखी कोवळी असते. कंपवात किंवा अल्झायमर म्हातारपणी येतात, मग कोवळ्या पेशीत तो आजार दिसणार कसा? थेट बदललेल्या पेशीत वयाच्या खुणा बऱ्याच अंशी टिकतात. कुठला मार्ग घ्यायचा, हे त्यामुळे कुठला प्रश्न विचारायचा आहे त्यावर ठरते.

*

या कामातला महाराष्ट्राचा वाटा मराठी वाचकाला फारसा सांगितला गेलेला नाही. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. १९८०च्या दशकात देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशी पुरवणारी सुविधा म्हणून ते सुरू झाले; आजही तिथल्या पेशी-भांडारातून देशभरात पेशी जातात. डॉ. रमेश भोंडे यांनी अस्थिमज्जा आणि नाळेतल्या मूलपेशींवर तिथे दीर्घकाळ काम केले. डॉ. निबेदिता लेंका यांच्या प्रयोगशाळेने भ्रूण-मूलपेशींपासून चेतापेशी कशा आणि कोणत्या इशाऱ्यांवर घडतात याचा शोध घेतला. डॉ. अंजली शिरस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक सावध करणारी गोष्ट दाखवली: माणसाच्या मेंदूतल्या गाठीतून काढलेल्या, पण स्वतः गाठ न करणाऱ्या प्रौढ मूलपेशी बशीत वाढताना आपोआप बदलल्या आणि मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगाच्या मूलपेशींसारख्या झाल्या. पेशी वाढवून शरीरात सोडू म्हणणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे ते संशोधन आहे. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीय आणि सहकाऱ्यांनी ‘काइंड-१’ आणि ‘काइंड-२’ या मानवी भ्रूण-मूलपेशींच्या भारतीय वाणांची निर्मिती केली.

शेजारच्या कर्नाटकातले एक काम तर थेट आपल्या घरांशी बोलते. बंगळुरूच्या निम्हान्स आणि राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र या संस्थांनी मिळून गंभीर मनोविकार ज्या कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत, अशा कुटुंबांच्या रक्तापासून मूलपेशी आणि चेतापेशी घडवण्याचा प्रकल्प हाती घेतला. एकाच घरातल्या आजारी आणि निरोगी भावंडांच्या चेतापेशी शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. अशाच एका मनोविकारावर, द्विध्रुवी विकारावर, लिथियम हे औषध काहींना लागू पडते, काहींना नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या गटाने रुग्णांच्या पेशींपासून घडवलेल्या चेतापेशी जास्त खवळलेल्या असतात आणि लिथियम फक्त ते लागू पडणाऱ्या रुग्णांच्याच पेशी शांत करते, असे दाखवले. ‘अंगात येतं’ म्हणून देवस्थानी नेलेल्या आणि मग डॉक्टर बदलत फिरलेल्या माणसाच्या घरच्यांना या प्रयोगाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

*

आता तपासणीकडे येतो, कारण या शास्त्राचा बीडशी पहिला व्यवहार इथेच आहे. आपल्या शेतांत वापरली जाणारी बरीच कीटकनाशके ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली. ती शरीरातले ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर अडवतात आणि चेतातंतूंचा निरोप थांबायचा तिथे थांबत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, तेव्हा या विषांची चर्चा राज्यभर झाली. पण तीव्र विषबाधेतून वाचलेल्यांपैकी काहींना दोन-तीन आठवड्यांनी हातापायांत मुंग्या आणि अशक्तपणा येतो, त्याची चर्चा होत नाही. हा उशिरा येणारा परिणाम तपासण्याची जगभर मान्य असलेली रूढ चाचणी कशावर होते? कोंबडीवर! कारण उंदीर-घुशींत तो नीट दिसतच नाही. मराठवाड्यातल्या फवारणाऱ्याच्या चेतातंतूंचे भवितव्य कोंबडीच्या चालीवरून ठरवावे लागते, यापेक्षा मानवी चेतापेशींची गरज आणखी कशाने स्पष्ट होईल?

ते काम सुरू झाले आहे. कीटकनाशके वाढत्या मेंदूला कितपत घातक आहेत हे पाहण्यासाठी मानवी चेतापेशी आणि त्यांच्या पूर्वज पेशी वापरणाऱ्या चाचण्यांचा संच तयार झाला आणि ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२३ मध्ये त्याबाबत मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मार्चमध्ये भारत सरकारने नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्यांचे नियम सुधारून प्राण्यांऐवजी मानवी पेशींवर आधारित पद्धतींना वाट करून दिली. झिकाचे उदाहरणही आपल्या ओळखीचे आहे. राज्यातला पहिला झिका रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला. हा विषाणू गर्भातल्या बाळाचे डोके लहान का ठेवतो, याचा थेट पुरावा २०१६ मध्ये बशीतूनच आला होता: मानवी मूलपेशींपासून घडवलेल्या, पुढे चेतापेशी होणाऱ्या कोवळ्या पेशींनाच तो गाठतो आणि त्यांची वाढ रोखतो.

औषधांच्या बाजूला स्नायू लुळे पाडत जाणाऱ्या एएलएस या आजाराची कथा पुस्तकात सविस्तर आहे. २०१४ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी रुग्णांच्या पेशींपासून घडवलेल्या चेतापेशी अकारण जास्त लहरी उठवतात हे पाहिले आणि फिटवरचे एक जुने औषध ते शांत करते हे शोधले. पुढे ६५ रुग्णांवर चाचणी झाली आणि त्यांच्या शरीरातल्या चेतापेशीही शांत झाल्या. आजार थांबला असे त्यावरून म्हणता येत नाही, चाचणीचा तो उद्देशही नव्हता. पण बशीत दिसलेले माणसात दिसले, हे छोटे पाऊल नाही.

बशीच्या मर्यादाही तितक्याच ठळकपणे लिहिल्या आहेत. हुमणीसाठी आणि वाळवीसाठी सर्रास वापरले जाणारे क्लोरपायरिफॉस घ्या. ते खरे विषारी होते शरीराच्या यकृतात त्याचे रूप बदलल्यावर. नुसत्या चेतापेशी असलेल्या बशीला यकृत नसते. म्हणजे तिथे हे द्रव्य प्रत्यक्षाहून सौम्य वाटू शकते. बशीला रक्तपुरवठा नाही, प्रतिकारशक्ती नाही, चाळीस वर्षांची फवारणी नाही. बशीने दिलेले उत्तर म्हणजे चौकशीची सुरुवात.

*

इलाजाकडे वळताना सगळ्यात पक्के उदाहरण कंपवाताचे. त्यात मेंदूच्या एका विशिष्ट जागच्या, डोपामिन बनवणाऱ्या, एकाच जातीच्या चेतापेशी मरतात. जात एक, पेरायची जागा ठरलेली, म्हणून हे काम इतर आजारांपेक्षा सोपे. क्योटोत जुन ताकाहाशी यांच्या गटाने २०१८ मध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूत यामानाका पद्धतीने घडवलेल्या पेशी सोडल्या. एप्रिल २०२५ मध्ये सात रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दोन वर्षांत गंभीर दुष्परिणाम नाहीत, गाठी नाहीत, पेशी जिवंत आणि डोपामिन बनवणाऱ्या, आणि परिणाम तपासलेल्या सहांपैकी चौघांच्या हालचालींत सुधारणा. त्याच वेळी अमेरिका-कॅनडातल्या बारा रुग्णांचे, भ्रूण-मूलपेशी वापरलेल्या चाचणीचे, निष्कर्षही आले आणि तेही आश्वासक आहेत. सात आणि बारा. त्यांच्या मागे चाळीसएक वर्षांचे काम आहे.

मणक्याची इजा आणि लकवा याहून कितीतरी अवघड आहेत. लकव्यात एका जागी अनेक जातींच्या चेतापेशी, त्यांना सांभाळणाऱ्या पेशी आणि रक्तवाहिन्या एकदम जातात. मणक्यात तुटलेला तंतू हातभर अंतर कापून नेमक्या पेशीपर्यंत पोचायला हवा. नुसत्या पेशी सोडल्याने हे जुळत नाही, आणि चुकीच्या पेशी सोडल्या तर धोका खरा आहे. मॉस्कोत गर्भाच्या चेता-मूलपेशी टोचून घेतलेल्या एका इस्राएली मुलाच्या मेंदूत आणि मणक्यात त्याच पेशींपासून गाठी झाल्याचे २००९ मध्ये छापून आले. नाकाच्या अस्तराचे मणक्यात रोपण केलेल्या एका तरुणीच्या पाठीत आठ वर्षांनी गाठ वाढल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्यातल्या बशीने २००७ मध्ये दिलेला इशारा इथे जोडून वाचावा.

*

आणि तरीही मोठ्या शहरांत मूलपेशींचा इलाज विकत मिळतो: स्वमग्न मुलांसाठी, सेरेब्रल पाल्सीसाठी, लकव्यासाठी, मणक्यासाठी. बहुतेक वेळा त्या मज्जेतल्याच पेशी असतात, ज्या चेतापेशी होत नाहीत हे आपण वर पाहिले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक विकारांसाठीचे प्रत्यारोपण सोडले तर मूलपेशींचा वापर फक्त मंजूर वैद्यकीय चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. स्वमग्नतेसाठी हा इलाज करू नये, अशी शिफारस राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये केली.

गरज नसलेला इलाज कसा विकला जातो, हे बीड जिल्ह्याला वेगळे पटवून द्यायची गरज नसावी. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण देशभर गाजले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली; पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यात गरज असलेल्या शस्त्रक्रियाही असतील. पण मुकादमाची उचल अंगावर, एक खाडा झाला तर दंड, आणि समोरचा डॉक्टर ‘काढून टाका, कॅन्सर होईल’ म्हणतो, अशा वेळी दिलेल्या होकाराला संमती म्हणायचे का, हा प्रश्न त्या आकड्याखाली आहे. मूलपेशींच्या बाजारातही होकार असाच घेतला जातो. फरक इतकाच की तिथे भीतीच्या जागी आशा दाखवतात.

म्हणून पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात विचारायचे प्रश्न साध्या भाषेत दिले आहेत. कुठल्या पेशी टोचणार, त्या कुठून काढणार? त्या चेतापेशी होतात याचा विजेच्या मोजणीचा पुरावा कुठे छापला आहे? ही चाचणी आहे की नेहमीचा इलाज? चाचणी असेल तर ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया’मधला तिचा क्रमांक द्या, ती यादी कुणालाही पाहता येते. आणि चाचणी असेल तर पैसे कशाचे?

या विषयात बीडने फक्त सावध राहायचे, असेही मला वाटत नाही. जगातल्या मूलपेशी-बँकांत युरोपीय वंशाच्या लोकांच्या पेशी फार जास्त आहेत. त्यांच्यावर पारखलेले औषध आपल्या लोकांच्या चेतापेशींवर तसेच वागेल, हे गृहीत धरता येत नाही. मराठवाड्यात मामेबहीण-आतेभावांची लग्ने आजही होतात आणि त्यामुळे काही घरांत ठरावीक आनुवंशिक आजार पुन्हा पुन्हा दिसतात. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, आपले ‘स्वाराती’, आशियातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात फवारणीनंतर महिन्याने परत आलेला शेतमजूर, फिट येणारी भावंडे, तिशीत अडखळू लागलेला बाप, असे रुग्ण येतात. त्यांची वंशावळ नीट लिहून ठेवणे, पूर्ण समजावून घेतलेल्या संमतीने रक्ताचा नमुना पुण्या-बंगळुरूच्या प्रयोगशाळेपर्यंत पोचवणे, आणि निष्कर्ष त्या घरापर्यंत परत आणणे, एवढे इथून होऊ शकते. त्याला महागडी यंत्रे लागत नाहीत. चिकाटी आणि विश्वास लागतो. होकार कसा घेऊ नये हे ज्या जिल्ह्याने भोगले, त्यालाच तो कसा घ्यावा हे ठरवण्याचा पहिला अधिकार आहे.

पुस्तक बारावी झालेल्या विद्यार्थ्याला, आशा कार्यकर्तीला आणि रुग्णाच्या नातेवाइकाला कळावे अशा बेताने लिहिले आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ते क्रमाने वाचावे. २००० ते २००४ चे प्रकरण सोडू नये, कारण चूक कशी पकडतात हे तिथे शिकायला मिळते. ज्याच्या घरात रुग्ण आहे आणि ज्याने शहरातल्या एखाद्या केंद्राची भेटीची वेळ घेऊन ठेवली आहे, त्याने शेवटचे प्रकरण आधी वाचावे, त्यातले प्रश्न कागदावर उतरवून सोबत न्यावेत, आणि उत्तरे लेखी मिळेपर्यंत पैसे भरू नयेत. बाकीचे पुस्तक घरी आल्यावर वाचले तरी चालेल.